रिकामी खोकी आणि एक कोरी कॅसेट यांची व्यवस्था

लिहून ठेवणार : प्रल्हाद यशवंत रायकर, वय साठ, व्यवसाय वातानुकूलन अभियंता, मूळ राहणार पुणे, हल्ली मुक्काम अल नहदा, शारजा. अमिरातीत 'हल्ली' म्हणजे सव्वीस वर्षे. जूनमध्ये निवृत्ती, त्यानंतर व्हिसा खलास, आणि 'हल्ली'ही खलास.

माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका आहे. येत्या बुधवारी अल ऐनच्या इस्पितळात ते उघडून पाहणार आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी कुंदा मघापासून 'आधी जेवून घ्या' म्हणते आहे, पण त्याला कायद्याने दडपण म्हणता येणार नाही. तरी राजीखुशीने माझ्या पश्चातची व्यवस्था पुढीलप्रमाणे :

१. पुण्यातला फ्लॅट कुंदाचा. त्याची किल्ली सध्या मेहुणे उल्हास यांच्याकडे आहे. दर मे महिन्यात त्याच फ्लॅटच्या बाल्कनीत, मीच नेलेले बदाम खात, ते मला विचारत आले, "मग भाऊजी, कायमचे कधी?" किल्ली परत घ्यावी. कायमची.

२. बँकेतली शिल्लक कुंदा आणि कन्या ईशानी यांना निम्मी-निम्मी. कुंदा पावाच्या पाकिटाचेसुद्धा दिरहमांचे रुपये मोठ्याने करते. तिला टोकू नये. तो तिचा विरंगुळा आहे.

३. माझी सर्व हत्यारे सहकारी सुजीत देवस्थळी यास. मल्टीमीटर वेगळा देण्याची गरज नाही. तो त्याने चौऱ्याण्णव साली 'दोन दिवसांसाठी' नेलेला आहेच.

४. बेडरूमच्या कपाटावरची रिकामी खोकी. टीव्हीचे, मिक्सरचे, ओव्हनचे, आतल्या थर्माकोलसकट. पुण्यात राहणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. इथले प्रत्येक मराठी घर खोकी जपते, कारण दोन वर्षांनी परत जायचे असते आणि मूळ खोक्यात सामान नीट जाते. आम्हीही सत्त्याहत्तर साली दोनच वर्षांसाठी आलो. नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेतवर इराकने हल्ला केल्याची बातमी आली तेव्हा कुंदाने सगळी खोकी खाली काढून हॉलमध्ये मांडली, महिनाभर त्यांना वळसे घालून आम्ही चाललो, आणि मग 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून ती परत वर चढली. टीव्ही बिघडला, भंगारात गेला. खोके अजून नव्यासारखे आहे.

५. आता ईशानी. एकुलती एक, वय वीस, जन्म अल ऐन, शिक्षण अमेरिकेत. मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत. या सत्रात तिच्या कॉलेजने काही मुलांना कर्नाटकातल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीत पाठवले आहे. म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचे, घर कसे सुटले, बरोबर काय आणले, परत जाल का, हे विचारायचे आणि टेप करायचे. काम चांगले आहे. टेपरेकॉर्डर मीच घेऊन दिला.

फोनवर मी सहज म्हटले, "अगं, आम्हीही घर सोडूनच आलोय की. मलाही विचार काहीतरी." ती हसली. "बाबा, कमॉन! यू केम फॉर अ जॉब. यू हॅव अ पासपोर्ट. दे वॉक्ड ओव्हर द हिमालयाज!"

बरोबरच आहे. त्यांचे घर हिरावून घेतले गेले. मी विमानात कॉफी पीत आलो. तुलना करणे निर्लज्जपणाचे होईल आणि ती मी करत नाही. मी फक्त रुसलो आहे. साठाव्या वर्षी रुसायला कोणत्याही देशात बंदी नाही.

त्या वसाहतीत पेमा नावाच्या आजी आहेत. आयुष्यभर दर हिवाळ्यात पुण्याच्या फुटपाथवर स्वेटर विकायच्या. त्यांचे हिंदी पुणेरी, ईशानीचे शारजाच्या शाळेतले, दोघींचे जमेना. म्हणून कॅसेटी माझ्याकडे आल्या, कोणाच्या तरी बॅगेतून, भाकरवडीच्या पुड्यांसोबत. "बाबा, प्लीज, जस्ट राइट डाउन व्हॉट शी सेज." म्हणजे जीवनकहाणी लिहिण्याचे काम मला मिळाले एकदाचे, पण दुसऱ्याची.

आजी सांगतात, "हम आया तब आम का पेड नहीं लगाया. लगायेगा तो खायेगा कौन? अगले साल तो घर जाने का है. ट्रंक का रस्सी भी नहीं खोला, कितना साल!"

मी टेप थांबवून कपाटाच्या वर पाहिले. कुंदा मेथी निवडत होती, तीही तिकडेच बघत होती. 

मग टेपवर आजींनी ईशानीला उलटे विचारले. "तुम्हारा बाबा कहां का?" "पूना. अभी शारजा में." "इतना अच्छा पूना छोड के उधर रेती में काहे को गया?"

 मग माझी मुलगी म्हणते, "पता नहीं, आजी. आय नेव्हर आस्क्ड."

"अरे, पूछो ना उसको! बुड्ढा हो गया होगा!"

दोघी खूप हसतात.  मी शब्दन् शब्द इमानाने लिहून पाठवला, 'बुड्ढा'सकट.

६. सबब, सदर खोकी, सदर टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट ईशानीस. अट अशी की, मी जिवंत असताना तिने माझ्यासमोर बसून आजींनी सांगितलेला प्रश्न विचारावा. ती रविवारी येते आहे, डॉक्टर बुधवारी. पुणे का सोडले ते इथेच लिहून मोकळे व्हा, असे वकीलसाहेब म्हणाले. लिहिणार नाही. इथे लिहिले तर ती ते मी गेल्यावर वाचेल, आणि मला तिचा पुढचा प्रश्न ऐकायचा आहे. अट पुरी न झाल्यास खोकी उल्हास यांस पाठवावीत, थर्माकोलसकट.

वरील मजकूर सहीपूर्वी कुंदास वाचून दाखवला. तिचे म्हणणे जसेच्या तसे : "एका कॅसेटीत भागायचं नाही. तुमची निदान नोकरी तरी होती. मी इथे का आले, का राहिले, ते कोणी विचारलंय? लेकीनं नाही, आणि इतक्या वर्षांत तुम्हीही नाही." एवढे बोलून ती पाने घ्यायला आत गेली. 

दुरुस्ती : कलम सहामध्ये 'एक कोरी कॅसेट' आहे तेथे 'दोन' असे वाचावे. दुसरी रविवारपर्यंत थांबणार नाही. ती आज जेवण झाल्यावर लावतो आहे. प्रश्न मी विचारणार.

सही : प्र. य. रायकर
मुक्काम अल नहदा, शारजा. शुक्रवार, ११ एप्रिल २००३.

आमच्यासमक्ष सही केली :
१) सुजीत देवस्थळी, सहकारी (कलम तीनमधला मल्टीमीटर वगळून बाकी मान्य)
२) छाया गोगटे, शेजारीण

साक्षीदारांनी चहासाठी थांबू नये, ही विनंती. आम्हाला काम आहे.