अस्वलासाठी कुठली गोळी?

१० ऑगस्ट, रविवार

रुहीने मला निवडलं! तिच्या मैत्रिणीचे वडील जन्मभर शिकार करत आलेले. त्यांच्याकडे ट्रक, तंबू, दुर्बिणी, सगळं आहे. तरी आमची लेक सकाळी सीरियल खाता खाता म्हणाली, "डॅड, आय वॉन्ट यू टु कम." माझा अर्धा चहा टेबलावर सांडला.

तर झालंय असं — या सोळा वर्षांच्या पोरीला सरकारी लॉटरीत एल्कच्या शिकारीचा परवाना लागलाय. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. ऑक्टोबरमध्ये, उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात. शिकारीचा कोर्स तिने गेल्या वर्षीच पास केला. रायफल मैत्रिणीच्या घरून मिळणार. एकटीला पाठवायचा प्रश्नच नाही, सोबत मोठं माणूस हवं. ते मोठं माणूस मी.

सुनेत्रा म्हणाली, "तू? तुला कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये आपली गाडी सापडत नाही!" बायकोचं काही चुकलं नाही. पण पुढच्या वर्षी या वेळेला रुही कॉलेजांचे अर्ज भरत असेल, मग निघूनच जाईल. गेली दोन वर्षं ती माझ्याशी जेवणाच्या टेबलावर चार वाक्यं बोलते. तीन दिवस जंगलात ती आणि मी! मी कुठेही जाईन.

१२ ऑगस्ट

त्या जंगलात अस्वलं आहेत.

रुहीला विचारलं. "यॅ, ब्लॅक बेअर्स. दे आर चिल, डॅड." चिल! तिचे डोळे एल्कवर, रायफल समोर. पाठीमागे बघायला कोण? मी. माझ्या हातात काय? थर्मास.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज दिवसभर वाचलं. शिकारीला जाणारे लोक रायफलीशिवाय एक पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर ठेवतात — जनावर अंगावर आलंच तर. ते कुठल्या कॅलिबरचं असावं, म्हणजे गोळी किती जाड, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांची डोकी फोडतायत. कुणी म्हणतो नऊ एमएम पुरे. दुसरा म्हणतो, नऊ एमएमने अस्वलाला गुदगुल्या होतील. तिसरा म्हणतो, काही नको, मिरचीचा फवारा न्या. एक जण सतराशे शब्द लिहून शेवटी कबूल करतो की त्याने अस्वल कधी पाहिलेलं नाही.

मजा आली! सव्वीस वर्षं चिप टेस्ट करतोय, तक्ता केल्याशिवाय मी प्रेशर कुकरसुद्धा घेत नाही. चार उमेदवार: नऊ एमएम, थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम, दहा एमएम, फोर्टी-फोर मॅग्नम. अकरा रकाने. गोळीचं वजन, वेग, धक्का, किती गोळ्या मावतात, वगैरे.

ऑफिसातल्या विष्णूला फोन केला. "फोर्टी-फोर घे यार, विषय एंड!" विष्णू पुण्याचा, त्याचे सगळे विषय असेच एंड होतात. चौदा वर्षांची नोकरी झाली तरी त्याचा एकही टेस्ट रिपोर्ट एका पानाच्या वर गेलेला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आयुष्यात पहिल्यांदा गोळी झाडली. वय वर्षं एक्कावन्न!

रुहीला कोर्समध्ये शिकवणारे ऑर्तेगा म्हणून आहेत. सत्तरीचे, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, शनिवारी शूटिंग रेंजवर फुकट शिकवतात. मी मनातल्या मनात त्यांना ऑर्तेगाकाका म्हणतो. चारही कॅलिबर त्यांनी समोर मांडली. मी तक्ता दाखवला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला, चष्मा काढला, आणि हातात फोर्टी-फोर दिलं.

बापरे. मनगटापासून दाढेपर्यंत सगळं हललं. पहिली गोळी कागदाला लागली. दुसरी कुठे गेली देवाला ठाऊक. तिसरी मी झाडलीच नाही. ऑर्तेगा म्हणाले, "अस्वल पहिल्या गोळीला थांबलं नाही तर?" घरी आल्यावर बारावा रकाना केला — दुसरी गोळी. मग सगळा तक्ताच उलटा झाला. दहा यार्डांवर पाचपैकी माझे नेम: नऊ एमएम पाच, दहा एमएम चार, थ्री-फिफ्टी-सेव्हन तीन, आणि विष्णूचं लाडकं फोर्टी-फोर दोनांतून एक.

मनगटाला आयोडेक्स लावून बसलोय. खूश आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

आमच्याकडे सुनेत्राच्या दह्यापायी आठवड्याला दोन गॅलन दूध लागतं. त्याचे रिकामे कॅन दोन आठवडे गराजमध्ये साठवले, शिवाय ऑफिसातून आणि शेजाऱ्यांकडूनही गोळा केले. सुनेत्राला वाटलं रिसायकलिंगचं वेड लागलं. आज ऑर्तेगांच्या भावाच्या माळरानावर कॅनमध्ये पाणी भरून एकामागे एक रांग लावली आणि झाडल्या गोळ्या!

रुहीही आली होती. दर गोळीनंतर आम्ही दोघं पळत जाऊन फुटलेले कॅन मोजत होतो. नऊ एमएमची पोकळ तोंडाची गोळी चौथ्या कॅनमध्ये सापडली, फुलून बसलेली. त्याच नऊ एमएमची भरीव गोळी सहा कॅन पार. दहा एमएमची भरीव शिशाची गोळी आठही कॅन फोडून मागच्या मातीत. म्हणजे भांडण चाललंय जाडीवर, आणि खरा फरक गोळीच्या तोंडाचा! जाड कातडी, चरबी, मग हाडं — आत पोचणारी गोळी हवी, फुलणारी नको. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, मोजलं म्हणून पटलं.

रुही ओलीचिंब झाली होती. हसत म्हणाली, "दिस इज द बेस्ट सायन्स प्रोजेक्ट एव्हर." गाडीत दीड तास बोलत होती. शाळा, मैत्रिणी, कुणीतरी कुश नावाचा मुलगा, ज्याच्याबद्दल मी काहीही विचारायचं नाही. मी विचारलं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

घेतलं. दहा एमएम. फॉर्म भरला, चौकशी झाली, पैसे दिले, बाहेर. पासपोर्टसाठी याहून जास्त चकरा मारल्या होत्या.

सुनेत्राच्या अटी: पोलादी पेटी, पेटीचा नंबर फक्त मला माहीत, गोळ्या वेगळ्या खोलीत, आणि जंगलाहून परतल्यावर विकून टाकायचं. सगळं कबूल. "आपल्या घरात हे येईल असं वाटलं नव्हतं रे," म्हणाली. मलाही वाटलं नव्हतं.

८ सप्टेंबर

सुनेत्रा कामापुरतंच बोलते आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

तक्त्यात एक गोष्ट राहिलीच होती — वेळ! अस्वल सेकंदाला चाळीस फूट पळतं. त्या झाडीत साठ फुटांपलीकडचं दिसत नाही म्हणतात. साठ भागिले चाळीस. दीड सेकंद. छातीवरच्या पट्ट्यातून पिस्तूल काढून नेम धरायला आज मला लागले तीन पूर्णांक आठ. म्हणजे कॅलिबर कुठलंही असो, अस्वलाचं जेवण झालेलं असेल.

फोनवर टायमरचं ॲप उतरवलं. कधीतरी अचानक बीप होतो, की काढायचं. पिस्तूल रिकामं, तीनदा तपासलेलं, गोळ्या घरात दुसऱ्या टोकाला. गराजच्या भिंतीसमोर रोज ऑफिसमधून आल्यावर पन्नास वेळा. आलेख केलाय.

२१ सप्टेंबर

२.६!

२५ सप्टेंबर

२.१. रुही गराजमध्ये सायकल ठेवायला आली, बघत उभी राहिली. "हू आर यू रेसिंग, डॅड?" म्हटलं, अस्वलाशी. डोळे फिरवून आत गेली. पण जाताना हसत होती, मी पाहिलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दर वर्षी माझा मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्क्रूड्रायव्हर आणि सुनेत्राच्या सुऱ्या, मिक्सर असं सगळं पाटावर मांडतो. या वर्षी प्रश्न पडला — ते मांडायचं का? शस्त्रपूजेचा दिवस आणि घरात खरं शस्त्र पहिल्यांदाच! पण सुनेत्रासमोर विषय काढायची हिंमत होईना.

तिनेच काढला. "आण ते. वर्षभर सुरीने कांदा चिरते म्हणून तिची पूजा करते, आणि जे पोरीच्या रक्षणासाठी नेणार त्याची नको?" रिकामं करून आणलं. तिला दाखवलं, रुहीला दाखवलं. सुनेत्राने हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. हात जोडून डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. महिन्याभराचा अबोला तिथे संपला.

४ ऑक्टोबर, शनिवार

ऑर्तेगांनी पिस्तूल उघडलं आणि आतून तांदळाचा दाणा पडला. मग कुंकू. "हे काय? रक्त?" मी खंडेनवमी समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, भुवया वर. म्हणाले, "आमच्याकडेही फादर ट्रकवर पवित्र पाणी शिंपडतात. पण इंजिनमध्ये ओतत नाहीत." पाऊण तास ब्रशने कुंकू काढत बसलो. हळद तर तेलात मिसळून सगळीकडे. मग पन्नास गोळ्या झाडून पाहिल्या, एकही अडकली नाही.

संध्याकाळी गराजमध्ये: १.५. जमलं! सलग चार वेळा. हात आपोआप जातो आता, बीप कानावर पडतो न पडतो तोच पिस्तूल बाहेर. विचार करावाच लागत नाही. विष्णूला आलेख पाठवला. त्याने टाळ्यांची चित्रं पाठवली.

खरं सांगायचं तर भीती कायम होती. अस्वलाची नव्हे. रुहीवर काही आलं आणि मी नुसताच उभा राहिलो तर — ही. या पोरीने शंभर अनुभवी लोक सोडून मला निवडलं. आज पहिल्यांदा वाटलं की मी नुसताच उभा राहणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पोचलो. काय हवा! घरी चँडलरमध्ये अजून पंखे चालू आहेत आणि इथे थर्मल घालूनही हुडहुडी. पाइनच्या खोडाला नाक लावलं की व्हॅनिलासारखा वास येतो, रुहीने दाखवलं. मला खरं वाटेना, चार झाडांना नाक लावून पाहिलं. प्रत्येकाला येतो! असं का, ते घरी जाऊन शोधणार.

दुपारी पाणवठ्यापाशी जाऊन जागा ठरवून आलो. चिखलात एल्कच्या खुरांचे ठसे. आणि अस्वलाचा पंजा — ताजा! माझ्या हाताएवढा. मी टेप लावून मोजला. रुहीने फोटो काढला: बाप गुडघ्यांवर, अस्वलाच्या पंजाला टेप लावतोय.

उद्या ती पाणवठ्याजवळच्या खडकाआड बसणार, मी मागे चाळीस यार्डांवर झाडाखाली. "स्टे पुट, ओके? नो स्नीझिंग." ओके. सुनेत्राच्या जुन्या चॉकलेटी जॅकेटमध्ये लेक एवढी मोठी दिसते. चुलीवर मॅगी केली. रुही म्हणाली, "थँक्स फॉर डुइंग ऑल दिस होमवर्क, डॅड." मी मॅगी ढवळत राहिलो, नाहीतर तिथेच रडलो असतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

परत आलो. एक दिवस आधीच. दोघंही सुखरूप.

१२ ऑक्टोबर, रविवार

पिस्तूल ऑर्तेगांच्या हवाली करून आलो. विका, ठेवा, काहीही करा म्हटलं. त्यांनी कॉफी दिली.

सुनेत्राला वाटतंय शिकार मिळाली नाही म्हणून रुही गप्प आहे. "पुढच्या वर्षी मिळेल गं," म्हणत तिच्या आवडीचं श्रीखंड करते आहे. तक्ता पुसून टाकला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून टाकतो. शनिवारी उजाडताना माझ्या मागच्या झुडपात फांदी मोडली. काहीतरी तपकिरी, बुटकं, चार पायांवर माझ्याकडे येत होतं. ती रुही होती. पाणवठ्यावर एल्कचा कळप आला होता, सोबत पिल्लं. रायफल खडकापाशी ठेवून, आवाज होऊ नये म्हणून ती मागून वळसा घालून रांगत आली होती — मला दाखवायला. ओळखलं तेव्हा पिस्तूल तिच्या कपाळावर रोखलेलं होतं. दीड सेकंदही लागला नसेल.

आज श्रीखंड खाता खाता, सुनेत्रा आत गेल्यावर, रुहीने विचारलं, "डॅड, वॉज युअर फिंगर ऑन द ट्रिगर?"

नाही म्हणालो. मला आठवत नाही.