हवेनं धरलेला खिळा

कडुबादादा,
जयभीम.

उस्मानपुऱ्यातली आपली झोपडी पाडली, तवा तू चिडून निघून गेलास. मी हर्सूल तलावाकाठी आले. नव्या जागी चुलीच्या आधी बुद्धाची तसबीर लावायची, ही आईची रीत. मी सवयीनं खिळा ठोकला आन् मग ध्यानात आलं, इथं भिंतच नाय! पण हवेनं खिळा धरला व्हता. सकाळी तसबिरीमागं भिंत उभी! हात लावला, तर माणसाच्या अंगासारखी गरम. दादा, मला लई रडू आलं.

आणखी दोन खिळे ठोकले, दोन भिंती आल्या.

तुझा ठिकाणा ठाऊक नाय, म्हणून हे पत्र खिळ्यालाच अडकवते. चौथा खिळा उशाशी ठेवलाय. तो तूच ठोकायचा. तोवर ती बाजू उघडी हाय.

तुझी धाकटी,
गोजर