जमात बाहेर बसली

इंदापूर, ६ ऑक्टोबर १९९६

ति. अम्मीस,
मलनचा सलाम. वि. वि. जुलेखा खुशाल हाय. पुढचे दात पडल्यापासून बोलताना शिट्टी वाजवती. तुझा गुडघा कसा हाय? पत्र शेजारच्या सरुबाईच्या पत्त्यावर टाकलंय, म्हंजी अब्बांच्या आधी तुझ्या हातात पडंल.

शुक्रवारी नमाजानंतर माझ्यासाठी जमातीचे पंच बसले. मशिदीत बाईला जागा न्हाय, म्हणून माझ्या वतीनं तिकडून आलेले अब्बा आत गेले. मी पायरीवर चपलांच्या शेजारी. आतलं काय ऐकूच येईना. बाहेर आले तवा अब्बांच्या हातात ह्यांचा हात. मला म्हणाले, मिटलं, भांड्याला भांडं लागतंच, जा घरी. माझा सुजलेला खांदा त्यांनी सकाळीच बघितला हुता.

घरी ह्यांनी आधी कडी लावली, मग पट्टा काढला. म्हणाले, तुझ्या बापानंच सांगितलंय, बाई कडक हाताखाली ठेवावी लागती. अब्बा खरंच असं बोलले का, एवढं कळव. मशिनीवर बसले तर शिवण वाकडी जाती.

उत्तराची वाट बघती. लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे.
तुझी मलन


बारामती, १२ ऑक्टोबर १९९६

चि. मलनला अम्मीची दुवा.
सरुबाईनं पत्र पदराखाली आणून दिलं. अब्बा तिकडं काय बोलले ते मला न्हाय सांगितलं. पण बोलले असतील. तू जन्मायच्या आधीपासून ते वाक्य मी ऐकतीया.

पोरी, सबूर कर. मी काढलेच की दिवस. पुन्हा जमातीचं नाव काढू नको, अब्बांची मान खाली जाती. तू पहिल्यापासून हट्टी, भाकरी करपली तर चुलीशी भांडायचीस. खांद्याला हळद लाव. मला बी घास गोड लागत न्हाय.

जुलेखाला माझा मुका.
अम्मी


इंदापूर, २० ऑक्टोबर १९९६

ति. अम्मीस सलाम. वि. वि.
रागावू नको. तुझी सबूर मी कणगीमागं बसून बघितलीया. ती मला जुलेखाला द्यायची न्हाय.

जमातीच्या सदरसाहेबांच्या घरी झंपर द्यायला गेले आन त्यांच्या बायकोला, चाचींना, पाठ दाखवली. सदरांना म्हटलं, बाई आत येत नसंल तर पंचांनी बाहेर यावं. ते म्हणाले, अशी रीत न्हाय. चाचींनी त्या दिवशी चूलच पेटवली न्हाय. मग शुक्रवारी पंच लिंबाखाली सतरंजीवर बसले. माझ्या मागं चाची आन गल्लीतल्या बायका. शेजारची सारजा बी आलती, भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू येतं.

हे म्हणाले, तिच्या बापानं मिटवलंय. मी म्हटलं, मार मी खाल्लाय, बापानं न्हाय. आन अम्मी, लगीन झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. दस्तगीर मला पट्ट्यानं मारतो, असं सगळ्यांसमोर म्हटलं.

पंचांनी माझं ऐकलं. आता चाचींच्या मागच्या खोलीत मी, जुलेखा आन मशीन. दस्तगीर दारात आला तर पंच माझ्याबरोबर पोलिसात येणार. झोप अजून लागत न्हाय, कडी वाजल्यासारखी वाटती.

अब्बांना हे कळलं तर तुझं काय हुईल, ह्याचाच घोर हाय. काळजी घे.
मलन


बारामती, २८ ऑक्टोबर १९९६

चि. मलनला पोटभर दुवा.
तुझी खबर अब्बांना बाजारात कळली. घरी आले, म्हणाले, शेवटी तुझ्याच पोटची. आन हात उगारला. मी न्हेमीसारखं डोकं झाकलं न्हाय. म्हटलं, शुक्रवारी जमात बाहेर बसवायला सांगू का? हात तसाच अधांतरी ऱ्हायला. मग खाटेवर बसले आन पाणी मागितलं. दिलं.

पण पाणी देऊन गप बसायचं न्हाय आता. दुसऱ्या दिवशी हितल्या सदरांच्या घरी गेले. ते म्हणाले, हुसेनबी, ह्या वयात? मी म्हटलं, मारायला माझं वय कुणाला आडवं आलं न्हाय. मग शुक्रवारी बसतो म्हणाले. बाहेरच. तुमच्या वतीनं कोण बोलणार, असं त्यांनी मला इचारलं. माझा बाप न्हाय, भाऊ न्हाय. मी म्हटलं, लेक येतीया, ती शेजारी बसंल. बोलीन मी.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं ये. जुलेखाला घेऊन ये, तिला बघू दे. दुवा माझ्याकडं भरपूर हाय, हिंमत थोडी तू आण.
तुझी अम्मी