जेवणावरची गोळी

३ जुलै
गुठळी विरघळली नाही! उलट वाढली आहे. रक्त पातळ करायची गोळी, रोज एक, जेवणावर — साडेचार महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी फुप्फुसाचा नवा फोटो उजेडाला धरला. "एकही चुकली नाही ना?"
"नाही," मी म्हणाले.
हे शेजारून कौतुकाने, "घड्याळ चुकेल, ही चुकायची नाही!"
मी पदराचं टोक चाचपत बसले.

४ जुलै
दुपारी डोळा लागला. पाण्याखाली कपडे वाळत घालत होते. चिमटे हातातून सुटून संथ वर जात होते. दम मुळीच लागत नव्हता! जागी झाले तेव्हा धाप लागलेली.

६ जुलै
डॉक्टरीणबाईंचा फोन. औषध नेमाने घेऊनही वाढते, तर ती गुठळी नसेलही. रक्तवाहिनीच्या भिंतीतूनच उगवलेली गाठ असेल. लाखांत एखाद्याला होते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. छाती उघडावी लागेल.
पण नेमाने घेतलीच कुठे? उपासाला जेवण नाही, म्हणून गोळी नाही! आठवड्याला एक राहिली. फेकवेनात — शिवणाच्या डब्यात एकोणीस आहेत. माझ्या खोट्यापायी उगीच कापतील का? देवासमोर बसले.

७ जुलै
सांगून टाकलं. आधी ह्यांना. त्यांनी डबा उघडून गोळ्या मोजल्या. मग, "देवाने मागितल्या होत्या का गोळ्या? त्याला काय गुठळी झाली आहे?" डबा स्वतःच पिशवीत घातला.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललात. मग गुठळीही असू शकेल. आधी एक तपासणी करू. सुईतून साखर देऊ. थिजलेलं रक्त साखर खात नाही, फोटोत अंधार राहतो. वाढती गाठ खाते — आणि उजळते."
जन्मात पहिल्यांदा अंधार मागितला.

१० जुलै
सुई टोचून तासभर निजवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. पांढरी चादर, पांढरं छत. वाटलं, माझ्या आत कुणी दारोदार शिधा वाटत हिंडतंय, मूठमूठ. त्याला म्हटलं, बाबा, छातीतल्या त्या दाराशी कुणी हात पुढे करू नये. हसू आलं. हलायचं नव्हतं ना!

१२ जुलै
"तुमच्या उपासांनी काही बिघडलं नाही," डॉक्टरीणबाई माझा हात धरून म्हणाल्या. "गोळी रोज घेतली असतीत तरी ही गाठ वाढलीच असती."
हे उठून उभे राहिले. "एकोणीस चुकवल्यात हिने, डॉक्टर! एकोणीस! नीट बघा ना!"