फोरसाइट वाकडी दिसते

उस्ताद,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. रिपोर्ट आधी, कारणं मागाहून, असं तुम्हीच सांगायचात.

१. फेब्रुवारीत रेंजवर माझ्या रायफलची फोरसाइट, नळीच्या पुढच्या टोकावरचं नेमाचं पातं, मला वाकडी दिसली. टोकाजवळ, किंचित डावीकडे.
२. मी रायफल दुरुस्तीला नेली. कारागिराने मापून सांगितलं की पातं सरळ आहे.
३. मी तरीही नवीन पातं बसवून घेतलं.
४. नवीन पातंही वाकडं दिसलं. त्याच जागी, त्याच बाजूला.
५. मे महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे, अगदी मधोमध, पाणी साचलं होतं.
६. पाणी आता ओसरलं आहे. वाकडेपणा राहिला आहे. तो जाईल की नाही हे त्यांना सांगता येत नाही.
७. रायफलीला कोणती साइट बसवायची ते मला ठरवायचं आहे.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, म्हणून मधलं थोडं सांगायला हवं. मी नेदरलँड्समध्ये असते, अ‍ॅमस्टेलव्हीनला. एका कंपनीत यंत्रांमधली भिंगं एका रेषेत बसवण्याचं काम करते. इथे नेमबाजीचा क्लब असतो, पोलिसांचा परवाना असतो, आणि वर्षातून ठरावीक वेळा रेंजवर गेलं नाही तर तो परवाना जातो. मला कधी आठवण करून द्यावी लागली नाही. माझं डोकं कामावर, सायकलवर, अंथरुणात सतत काहीतरी मोजत असतं. ते थांबतं असं रेंज हे एकच ठिकाण आहे. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या सभासदाचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आपली लिव्हरची रायफल मला विकली. जुनी आहे, त्यांच्या वडिलांच्या काळातली. चापाखाली लोखंडी कडं असतं, त्यात बोटं घालून ते खाली ढकलायचं आणि परत वर ओढायचं की रिकामी पुंगळी वरच्या बाजूने उडते आणि पुढची गोळी चढते. कधी कधी गरम पुंगळी कॉलरमधून पाठीत जाते. तुम्ही हसला असतात आणि मग, रेंजवर नाचायचं नाही म्हणून ओरडला असतात.

कॉलेजमागच्या छोट्या रेंजवरचा, कॅडेट म्हणून माझा पहिला दिवस. मी गोणपाटावर पालथी पडले आहे, कोपराखाली खडे टोचत आहेत, आणि रायफल मी आपसूक डाव्या खांद्याला लावली आहे, कारण मी डावखुरी आहे. तुम्ही येता, दस्ता धरून उजव्या खांद्याला लावता. मी म्हणते, "उस्ताद, मी डावखुरी आहे."

"सरकारनं बोल्ट उजवीकडं दिलाय. तुझा हात डावा, ही तुझी अडचण, सरकारची न्हाई."

शेजारच्या मुली हसतात. उजव्या खांद्यावर मला दोन फोरसाइट दिसतात, एक खरी आणि एक तिच्या बाजूला तरंगणारी. तेही मी सांगते, कारण मला वाटतं की ही माहिती उपयोगाची आहे.

"दोन न्हाईत. एकच इश्यू केलीय."

मग कॅम्पात तुम्ही तुमचा रुमाल माझ्या डाव्या डोळ्यावर बांधला. फक्त फायरिंगला नाही, सकाळच्या हजेरीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. मेसच्या रांगेत मुली विचारायच्या, "कॅप्टन, जहाज कुठंय?" मी वरणाचं पातेलं समजून ताकात डाव घातला होता. कॅम्प संपेपर्यंत दुसरी फोरसाइट गेली. तिथून पुढे रायफल हातात आली की डावा डोळा आपोआप मिटायचा, आणि अजूनही मिटतो. इथे मी टोपीला एक पट्टी लावते, डाव्या डोळ्यासमोर, म्हणजे मिटण्याचेही कष्ट नकोत.

आता माझी चूक. कामावर मी दिवसभर हेच करते की कुठलीही चूक दिसली तर आधी मोजणारं साधन बदलून पाहायचं. दुसऱ्या साधनातून तीच चूक दिसली तर चूक वस्तूत आहे, नाही दिसली तर साधनात. हे मी नवीन लोकांना शिकवते. आणि फोरसाइट वाकडी दिसली तेव्हा मी रायफल बदलून पाहिली नाही, डोळा बदलून पाहिला नाही. दुसरा डोळा मला आठवलाच नाही. रायफल हातात असताना मला तो नसतोच. मी कारागिराच्या टेबलासमोर उभी राहून त्याला पातं बदलायला सांगत होते आणि तो, साठीचा, चष्मा कपाळावर ठेवलेला शांत माणूस, मापं काढून म्हणाला, "रायफल ठीक आहे. मी तुला नवं पातं विकू शकतो, पण हे ठीक आहे."

"मला दिसतंय," मी म्हणाले.

"मग विकतो," तो म्हणाला.

इथली माणसं अशीच बोलतात. तुमचं त्याच्याशी जमलं असतं.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर चौकटींचा छापील कागद धरला, गणिताच्या वहीसारखा. डावा डोळा झाकल्यावर मधल्या चौकटी आत ओढल्यासारख्या वाकल्या. त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून?" मी महिना सांगितला. "इतके दिवस एकेक डोळा झाकून पाहिलं नाहीत?" मी म्हणाले, "एक झाकलेलाच असतो." त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही. ताण आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी काहीतरी टाइप केलं, जे माझ्या उत्तरापेक्षा लांब होतं.

त्या दिवसापासून मी स्वस्थ बसत नाही. म्हणजे बसते, पण एक डोळा झाकून खिडकीची चौकट बघते, मग दुसरा झाकून. ट्रॅमच्या तारा, दरवाजाची कड, सुपरमार्केटमधल्या फरशीच्या रेघा. जरा कमी वाकलं आहे असं सकाळी वाटतं आणि दुपारपर्यंत वाटत नाही. घरी आईला सांगितलेलं नाही. आमच्या इथल्या ताईंना सांगितलं. त्या बुद्धजयंतीचा कार्यक्रम करतात, सगळ्यांना घरी जेवायला बोलावतात आणि माझं लग्न ठरवणं हे आपलं काम समजतात. त्यांना रायफलच मुळात मान्य नाही.

"पंचशील घेतेस ना गं? पहिलंच काय आहे?"

"मी कागदावर मारते, ताई. कागद प्राणी नाही."

"आणि बायोडेटात काय लिहू मी? छंद, गोळीबार?"

पण डोळ्याचं ऐकल्यावर त्यांनी आधी मला आणखी भात वाढला. मग म्हणाल्या, "सोडून दे की आता. निमित्त मिळालंय." त्या प्रेमाने म्हणाल्या. मला इतका राग आला की मी त्यांची सगळी भांडी घासून टाकली.

राग तुमचाही येतो. लिहायला बसले ते त्यासाठीच, असं वाटलं होतं. रुमाल नसता तर फेब्रुवारीतच कळलं असतं, हे मी मनात बरेचदा मांडून पाहिलं आहे. पण ते मांडताना दुसरी बाजू सोडता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या की लवकर आले असते तरी त्यांनी वाटच पाहायला सांगितलं असतं. आणि रुमाल नसता तर मी कॅम्पनंतर रायफल हातात धरली नसती. कापराची सवयही तुमचीच. ऊन चमकून फोरसाइटची कड पुसट व्हायची म्हणून तुम्ही कापूर पेटवून त्याची काजळी टोकावर धरायचात. पुस्तकात मेणबत्ती लिहिली आहे आणि कापूर जास्त काळा होतो, एवढंच तुमचं स्पष्टीकरण. मी इथे पहिल्यांदा कापूर पेटवला तेव्हा रेंज ऑफिसर धावत आला, "काय जळतंय? कुणाचं काय जळतंय?" मी फोरसाइट दाखवली. त्याने नेम धरून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात तीन डच माणसं आपापली रायफल घेऊन माझ्यापुढे उभी होती. इंडियन दुकानातली बाई मला फार धार्मिक समजते. इतका कापूर इथे कुणी नेत नाही.

तर साइटचं. पर्याय तीन आहेत. दुर्बीण त्यात धरत नाही, कारण पुंगळी वरून उडते त्यामुळे ती वर बसतच नाही, आणि आमच्या लिव्हरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

पहिला, आहे तेच ठेवायचं. मागे खाच, पुढे पातं, उजवा डोळा, आणि वाट पाहायची. डॉक्टर म्हणतात की सुधारणा होऊ शकते. होऊ शकते हे वाक्य मी कामावर कुणाकडून ऐकून घेत नाही.

दुसरा, पुढे जाड पितळी मणी आणि मागे रुंद खाच. शिकारीला जाणारे असं लावतात, पटकन दिसतं म्हणून. गोल मणी जरा वाकला तरी गोलच दिसतो. नेम ढोबळ होईल, पण उजव्या खांद्यावरची इतक्या वर्षांची सवय वाया जाणार नाही आणि क्लबच्या संघातली सप्टेंबरच्या स्पर्धेची माझी जागाही राहील. मी कारागिराला हे सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "हो, मग वाकडेपणा तुला दिसणार नाही." मग म्हणाला, "जाणार नाही. दिसणार नाही."

तिसरा, मागची खाच काढून, डोळ्याच्या अगदी जवळ, बारीक छिद्राची साइट. छिद्रातून पाहिलं की डोळा आपण होऊन मध्यावर येतो, त्याला शिकवावं लागत नाही. न शिकलेल्या डोळ्याला ही सर्वांत सोपी. उजव्या डोळ्याला तिचा उपयोग नाही, कारण मध्यावरच तर बिघाड आहे. म्हणजे ती बसवायची ती डाव्या डोळ्यासाठी, डाव्या खांद्यासाठी. संघातली जागा जाईल, मी पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत जाईन. आणि या जुन्या रायफलीला ती बसवायला लोखंडात दोन भोकं पाडावी लागतील. कारागीर म्हणाला की बुजवता येतात, पण बुजवलेली दिसतात. वाट पाहणारा माणूस भोकं पाडत नाही. पाडली म्हणजे मी उजवा डोळा परत येणार नाही असं धरून चालले, आणि ते धरायला मला स्वतःला सांगावं लागेल. एवढंच अडलं आहे.

मी सर्टिफिकेट घ्यायला ऑफिसात आले होते तो दिवस तुम्हाला आठवत असेल का, माहीत नाही. तुम्ही स्टुलावर बसून बुटाला पॉलिश करत होता. चहा मागवलात. मी जायला उठले तेव्हा मान वर न करता म्हणालात, "डावीकडनं मारली असतीस तर बरी मारली असतीस का, मला ठाऊक न्हाई. माझ्याकडं डावी रायफल नव्हती." मी "ठीक आहे उस्ताद" म्हणाले आणि गेले. नंतर मी इथे शिकायला आले आणि जुन्या कॅडेटांच्या ग्रुपवर तुम्ही गेल्याचं आलं. सगळ्यांनी जोडलेले हात टाकले, मीही टाकले, आणि परत लॅबमध्ये गेले. त्या वाक्याचं काय करायचं हे तेव्हा कळलं नव्हतं. ती माफी होती की नुसती माहिती, हे अजूनही मला ठरवता येत नाही. लिव्हरच्या रायफलीला मात्र डावी-उजवी बाजू नसते. कडं मधोमध असतं, पुंगळी वर जाते. कुठल्याही खांद्याला लावा.

गेल्या रविवारी लावली. क्लबच्या एका रायफलीला छिद्राची साइट आहे, तीच मागून घेतली. टोपीवरची पट्टी काढून दुसऱ्या बाजूला लावली. गाल कुठे ठेवायचा तेही कळेना, कोपर परक्याचं असल्यासारखं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "उलटी आहेस तू आज." पण छिद्रातून पाहिलं आणि पातं सरळ होतं. काळं, दोन्ही कडा स्वच्छ, खालून वरपर्यंत सरळ. मी चाप दाबलाच नाही बराच वेळ. नुसती बघत राहिले. शेवटी रेंज ऑफिसरने विचारलं, काही अडकलंय का. मग गोळ्या मारल्या. कागदभर पसरल्या. तुम्ही त्याला ग्रुप, एका जागचा झुपका, म्हणाला नसतात, दाणे टाकलेत म्हणाला असतात.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पत्ता नाही. पण एक गोष्ट दुरुस्त करून ठेवते. सातव्या ओळीत मी लिहिलं आहे की मला ठरवायचं आहे. ते बरोबर नाही. माझं ठरलं आहे, रविवारीच. तो दस्ता माझ्या उजव्या खांद्याला तुम्ही लावला होता, आणि तुम्हाला न विचारता तो काढायचं मला जमत नाही आहे.

कारागीर शुक्रवारी सकाळी ड्रिल लावण्याआधी मला फोन करणार आहे. तुमची हरकत असेल तर कृपया गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा.