पोटावरची पिशवी, तळहातावरचं लिंग

कसबा बावडा

प्रिय आप्पा,

आज दुपारी कांडपात मिरचीच्या पोत्याला टेकलो आणि डोळा लागला. तुम्ही पंचगंगेत उताणे तरंगत होता. मी काठावरून हाका मारत होतो आणि तुम्ही नेहमीप्रमाणे ओ देत नव्हता. जाग आली तेव्हा मिरची कुटायचं मशीन थंड पडलं होतं. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं, पण इतके जवळ कधी आला नव्हता. म्हणून लिहायला बसलो.

शौचातून रक्त पडतंय हे तुम्ही किती महिने लपवलंत हो? कळल्यावरही "तिखटात जन्म गेला, मूळव्याध हुनारच की" म्हणून मोकळे झालात. गल्लीतल्या प्रत्येकानं ताकात काहीतरी कालवून दिलं आणि तुम्ही ते सगळं प्यालात. डॉक्टरांकडं तेवढे गेला नाहीत.

गेलो तोवर गुदाशयातली गाठ वाढून आजूबाजूला चिकटली होती. लगेच कापता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आधी किरण देऊन ती आखडवायची, मग ऑपरेशन. पुरेशी आखडली तर शौचाची वाट वाचेल, नाहीतर शौचासाठी पोटावर कायमची पिशवी.

कॅन्सर हा शब्द तुम्ही पचवलात. पिशवी नाही पचली. बाहेर आल्यावर गळ्यातून छातीवर रुळणाऱ्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणालात, "पोटावर घाण बांधून लिंग हातात कसं घ्यायचं, बसू?" अंघोळ करून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय घोटभर पाणी न पिणारे तुम्ही.

मग किरणांचा शेक सुरू झाला. कमरेवर जांभळ्या रेघा मारून दिल्या होत्या, किरण नेमके गाठीवर पडावेत म्हणून. दुसऱ्याच दिवशी मशीनवरचा माणूस ओरडला, "पावणं, रेघा कुठं गेल्या?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अंघोळ केली की. बिनअंघोळीची पूजा करू व्हय?" त्यानं कपाळाला हात लावला आणि सगळं पुन्हा मोजून रेघा मारल्या.

घरी अव्वानं तोडगा काढला. "कमरंच्या वर वल्या फडक्यानं पुसा आन् भस्म लावा. भस्म लावलं की अंघोळच झाली." बायकोचं म्हणणं तुम्ही मुकाट ऐकलंत, हेही नवलच.

आत तुम्ही एकटे असायचा, जाड दाराच्या पलीकडं. मी बाहेर बाकावर. एकदा विचारलं, कसं वाटतं? "शेक म्हंत्यात, पन गारच लागतंय. पालथं पडलं की कान नदीत बुडल्यागत हुतंय. लांबनं कोनतरी हाका मारतंय, पन ओ द्यावी वाटत न्हाई." आप्पा, तेव्हापासूनच तुम्ही त्या पाण्यात होता का?

पुढं शौचाला आग झाली, थकवा आला, तुम्ही ताटावरून उठून जायचा. शेक संपल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशन काही आठवडे लांबवलं. किरण थांबले तरी आत त्यांचं काम चालूच राहतं, म्हणाले. त्या दिवसांत घर झोपेत असल्यासारखं होतं. तुम्ही बाजेवर डोळे मिटून, पोटावर हात ठेवून पडायचा आणि मधूनच पुटपुटायचा, "आकसाय लागलंय." अव्वा आणि मी कान देऊन ऐकायचो.

गाठ आखडली, आप्पा. जिथं चिकटली होती तिथून सुटली आणि स्वच्छ निघाली. पण ती फारच खाली होती, म्हणून शौचाची वाटही कापावी लागली. पिशवी टळली नाही.

ऑपरेशनपुरतं उतरवलेलं तुमचं लिंग अव्वानं स्वतःच्या गळ्यात, तिच्या लिंगाशेजारी बांधलं होतं. तुम्ही शुद्धीवर आल्यावर ती ते द्यायला गेली, तर तुम्ही मूठ मिटून भिंतीकडं तोंड केलंत. किती राग आला मला तुमचा! अव्वा मात्र आवाज न चढवता म्हणाली, "आजवर पोटात हुतं, तवा देवाला चाललं. आता भाईर दिसाय लागलं तर इटाळ? सगळ्यास्नी असतंय की ते."

तुम्ही हसलात. टाके ओढले म्हणून कळवळलात आणि मूठ उघडलीत.

नंतरची सगळी वर्षं सकाळी आधी पिशवी बदलायची, मग पूजा. दोन्हीला अव्वाच हाताशी. शेवटी तुम्ही गेलात आणि आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला मातीत मांडी घालून बसवायची वेळ आली, तेव्हा धाकटे काका हळूच म्हणाले, "वैनी, पिशवी काढू या का?" अव्वानं त्यांना बाजूला सारलं, तुम्हाला स्वच्छ पुसलं आणि नवी पिशवी लावली. "हिच्यामुळंच एवढी वर्सं घावली," एवढंच म्हणाली. मग डाव्या हातात लिंग दिलं.

ती अजून त्याच वेळेला उठते, आप्पा. स्वतःची पूजा उरकते आणि तुमच्या बाजेशेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहते. त्या हातांना आता काम नाही. मी तिच्यासमोरून घाईनं कांडपाकडं जातो.

उद्यापासून कांडप तासभर उशिरा उघडेन. गिऱ्हाइकं बोंबलू देत. त्या वेळेला मी तिच्याजवळ बसेन.

तुमचा,
बसू