बुडायला बांधलेल्या पायऱ्या

पूर्णगड
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

नबील,

सलाम. नाझियालाही सलाम, माझ्या भाचीला, इरमला, पापा. आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघा सोडून. सुलेमानची सुट्टी संपली, परवा तो तुमच्या कुवेतला परत निघतोय. त्याच्याकडे दिलेल्या सोड्यांच्या पिशवीत हे पत्र कोंबलंय. वास आला तर नाक धरून वाच, पण वाच. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘आपा, घर कुठवर आलं? फोटो पाठव,’ की झालं. मागच्या दोन्ही वेळचे फोटो एकाच भिंतीचे होते. तुला कळलंसुद्धा नाही.

फोटोचं नंतर सांगते. आधी जेटीचं ऐक. चौथीपर्यंतचीच अक्षरं आहेत माझी, लावून घे.

खाडीच्या तोंडावर सरकार नवी जेटी बांधतंय, ते तुला माहीत आहे. पायऱ्या झाल्या तशा आम्ही बायका बघायला गेलो. बघतो तर काय, ही उंच! भरतीलासुद्धा होडी खालीच राहणार नि आम्ही मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चढत बसायचं. बाजारात माझ्या शेजारी बसते ती काशी म्हणाली, “गो शरीफा, ही काय उंटावरून उतरायला बांधलीन? तुझा भाऊ येताना आणणार असेल एखादा.” सगळ्या हसल्या. मला कसलं हसू? गुडघा माझा आहे.

तिथे सरकारची एक इंजिनियर पोरगी होती, योगिनी नावाची, डोक्यावर पिवळी टोपी. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. “बाय, माप घेताना डोळे कुठे होते?”

ती म्हणाली, “मावशी, हे माप आजच्या समुद्राचं नाहीच.”

“मग कुठल्या?”

“तुमच्या नातवंडांच्या वेळच्या.”

म्हणे आता किनाऱ्यावर काही बांधायचं तर पुढे समुद्र किती चढेल, उधाणं किती मोठी होतील, हा शास्त्रज्ञांचा अंदाज आराखड्यात धरायचा, असं त्यांच्या खात्यात ठरलंय. मी म्हटलं, “अंदाज! उद्या पाऊस म्हणून सांगतात, मी मासळी वाळत घालत नाही, नि दिवसभर कडक ऊन पडतं.”

पोरगी चिडली नाही. “चुलीवर पाणी ठेवलंत, तर पहिला बुडबुडा कधी येईल ते सांगाल?”

“ते कोण सांगणार?”

“आणि पाणी तापेल की नाही, ते?”

“तापणारच की,” मी म्हटलं नि माझ्याच तोंडाने अडकले. हो, मी. काशी अजून गावभर सांगत फिरते आहे.

मग तिने हाताने दाखवलं. खालच्या पायऱ्या आमच्या. त्या हळूहळू पाण्याखाली जाणार, मग मधल्या कामाला येणार, त्याही गेल्या की वरच्या.

नबील, बुडायला पायऱ्या बांधल्यात त्यांनी. खड्डा बुजवताना पुढच्या पावसाचा विचार न करणारं हे सरकार, त्यातल्याच कोणीतरी बसून इरमच्या लेकीचा पाय कुठे पडेल ते बघून ठेवलंय. ती पोर अजून जन्मायची आहे, तिला नाव नाही, पण तिची पायरी तयार आहे. लहानपणी अब्बांनी मला पहिल्यांदा होडीतून पार बाहेर नेलं होतं, मागे वळून बघितलं तर जमीनच नाही. तेव्हा जसं वाटलं होतं, तसंच वाटलं. तू तेव्हा पाळण्यात होतास.

आता फोटोचं.

जेटीवरून तुझं घर समोरच दिसतं. मी तिला विचारलं, ही उंची माझ्या भावाच्या घराला कुठे येते? तिने तिपाईवरची दुर्बीण काही पायऱ्या खाली नेऊन अशी लावली, की आतली आडवी रेघ सगळ्यात वरच्या पायरीशी जुळली. मग ती घराकडे फिरवली. “बघा.” मी डोळा लावला. रेघ तुझ्या खिडकीच्या मधोमध होती. ज्या खिडकीत बसून तू चहा पिणार आहेस, त्याच.

“रोज नाही येणार पाणी,” ती म्हणाली. “वादळात, मोठ्या उधाणाला. पण येईल, मावशी.”

दुसऱ्या दिवशी मी गवंड्यांना घरी पाठवलं. काम बंद आहे. चिरा मिळत नाही म्हणून तुला सांगितलं ते खोटं, चिरा अंगणात रचून पडलाय. काय शिव्या द्यायच्या त्या दे.

अब्बांची होडी जिथे लागायची तिथेच घर हवं, हा तुझा हट्ट मला ठाऊक आहे. आणि घर झालं नाही तर तू तिकडचाच होशील, ही माझी भीती आहे. म्हणून इतके दिवस बोलले नाही. नाहीतर माझं तोंड कधी बंद असतं?

वर सड्याच्या माळावरचा माझा जमिनीचा तुकडा तू घे. काजू तोडावे लागतील, तोडू. जुन्या घराच्या दाराची अब्बांची चौकट मी वर नेऊन उभी केली आहे. काशीचा अनिल नि त्याचे दोस्त लागले. भिंत नाही, छप्पर नाही, कातळावर नुसती चौकट. योगिनीलाही वर नेलं नि विचारलं, इथे येते का तुझी रेघ? “नाही येत, मावशी,” म्हणाली नि हसली. त्या चौकटीत मी उभी राहिले, तर समुद्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकी वर्षं त्याच्या काठावर काढली, पण एवढा मोठा आहे हे खालून कधी कळलंच नव्हतं.

तू नाही म्हणालास तर गवंडी परत बोलावीन. घर तुझं आहे. पण आधी ये, नि जे सांगायचं ते इथे उभं राहून सांग. इरमला आण. ओहोटीला तिला जेटीवर नेऊन तिची पायरी दाखवायची आहे. तिच्या लेकीची तिने दाखवावी, तेव्हा मी नसेन.

सगळ्यात खालच्या पायरीवरून,
तुझी आपा
शरीफा